सतराचा पाढा

गेल्या चवथीला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. गणपतीला नमस्कार झाला, मी नेवऱ्यांची ताटली पुढे केली आणि जुन्या सवयीने विचारलं, "सतरा चोक?" आठवीत असताना असा प्रश्न आला की हा मुलगा छताकडे बघायचा. बाराच्या पुढे त्याचे पाढे कधी गेलेच नव्हते. या खेपेला नेवरीचा घास तोंडात असतानाच उत्तर आलं, "अडुसष्ट. सतरा साती एकशे एकोणीस, सतरा तेवीस तीनशे एक्याण्णव. पस्तिसाचा पण विचारा, बाई."

पस्तिसाचाही विचारला. मग अकराचा, आठाचा, पाचाचा. कुठेही अडखळला नाही. ज्या मुलासाठी मी तीन वर्षं घसा कोरडा केला, तो पाढे शिकला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर, रूलेटच्या टेबलामागे उभा राहून.

रूलेट म्हणजे आकड्यांच्या खान्यांचं चाक फिरवायचं, त्यात गोळी सोडायची आणि ती कुठल्या खान्यात थांबेल यावर पैसे लावायचे. ते चाक फिरवणारा आणि जिंकणाऱ्यांचे पैसे चुकते करणारा तो डीलर. हा डीलर आहे. हे पाचच पाढे का, ते त्याने मला माझ्याच पाटावर नाण्यांनी मांडून दाखवलं. एका आकड्यावर चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरतात ती चकती, ठेवली आणि तोच आकडा आला, तर एकास पस्तीस. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर ठेवली तर सतरा. तीन आकड्यांच्या ओळीला अकरा, चार आकडे जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर आठ, सहा आकड्यांना पाच. गोळी थांबली की जिंकलेल्या आकड्याभोवती सात-आठ जणांच्या चिप्सचा ढीग असतो आणि प्रत्येकाचा हिशोब डोक्यातच करायचा असतो. एकाच्या सहा चिप्स थेट आकड्यावर, चार रेषेवर, तीन कोपऱ्यावर. दोनशे दहा, अधिक अडुसष्ट, अधिक चोवीस. तीनशे दोन. कागद-पेन्सिल नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि चूक झाली तर वरच्या कॅमेऱ्यात ती नोंदलेली असते.

मग त्याने वीस नाण्यांची चवड उचलली. न बघता, बोटांच्या टोकांनी, तिचे पाचाचे चार गठ्ठे पाटावर ओळीने पाडले. मी मोजून पाहिले. पाच, पाच, पाच, पाच. "सुरुवातीचे दोन महिने हेच," तो म्हणाला. "रात्री झोपेतसुद्धा बोटं हलायची, आई सांगते."

मी बेतीला राहते. संध्याकाळी फेरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पणजी दिसते आणि मध्ये पाण्यावर दिव्यांनी लखलखणारी ती जहाजं. पायी जाणाऱ्याला फेरीचं तिकीट नाही, म्हणून मी कधी कधी नुसतीच पलीकडे जाऊन परत येते. त्या दिव्यांकडे बघताना मला दर वेळी एक वही आठवते, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

वही माझ्या काकांची. पेडण्याच्या घरी, माजघरातल्या फडताळात, लाल कापडी पुठ्ठ्याची. काका मटका लावायचे. मटका म्हणजे मुळात मुंबईचा आकड्यांचा जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने यायचे, त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर पैसे लागायचे. भाव येणं थांबलं तेव्हा आकडे मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून आणि पुढे पत्त्यांतून निघू लागले, नाव मात्र मडक्याचं राहिलं. ओपन आणि क्लोज हे शब्द कापसाच्या बाजारातून आलेले आणि आमच्या गावच्या तिठ्यापर्यंत पोचलेले. काका रोजचे आकडे त्या वहीत लिहायचे. तारीख, ओपन, क्लोज. अक्षर असं की कोर्टातल्या लेखनिकाने हेवा करावा. रात्री कंदील मोठा करून ते जुनी पानं चाळायचे. "सात बरेच दिवस आला नाही," असं स्वतःशी म्हणायचे. सात "बाकी" आहे, तो "यायलाच हवा", असं त्यांचं ठाम मत होतं.

आमची काजूची एक बाग त्या सातात गेली. काकीच्या पाटल्याही गेल्या. काका काही वाईट माणूस नव्हते. मला पहिलं अपूर्णांकाचं गणित त्यांनीच फणसाच्या गऱ्यांवर शिकवलं.

रूलेट या शब्दाचा फ्रेंच अर्थ लहानसं चाक. हे चाक ब्लेझ पास्कालने अखंड फिरत राहणाऱ्या यंत्राच्या नादात शोधलं, अशी कथा सर्रास सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही. पास्कालचं जुगाराशी असलेलं खरं नातं वेगळं आणि त्याहून मोठं आहे. अर्धवट मोडलेल्या डावातले पैसे खेळाडूंत न्यायाने कसे वाटायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे आला, आणि १६५४ साली त्याने आणि पिएर द फर्मा याने पत्रांतून तो सोडवला. संभाव्यतेचं गणित तिथून उभं राहिलं. आज दहावीच्या पुस्तकात जे प्रकरण मुलं घाबरत वाचतात, त्याचा जन्म जुगाऱ्यांच्या भांडणात आहे, हे मी दर वर्षी वर्गात सांगते.

आजच्यासारखं रूलेट अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पॅले रोयालमध्ये खेळलं जात होतं. शून्य आणि दुहेरी शून्य, दोन्ही खाने तेव्हाच होते. १८३८ उजाडला तो फ्रान्समधली जुगारघरं बंद करूनच. मग फ्रान्स्वा आणि लुई ब्लांक हे भाऊ जर्मनीतल्या होम्बुर्गला गेले आणि १८४३ मध्ये त्यांनी दोनऐवजी एकच शून्य असलेलं चाक मांडलं. म्हणजे घराचा, जुगारघराचा, हिस्सा जवळजवळ निम्मा केला. गिऱ्हाईक लोटलं. दर कमी ठेवून खप वाढवायचा, हे म्हापशाच्या बाजारातली कुठलीही मासळीवाली सांगेल. ब्लांक बंधूंनी ते जुगारात केलं. पुढे १८६३ मध्ये फ्रान्स्वाने मोनॅकोच्या राजाकडून तिथल्या कॅसिनोचा मक्ता घेतला, आणि त्या कंगाल खडकाळ किनाऱ्याचं मोन्टे कार्लो झालं. १८६८ मध्ये रेल्वे आली, लगेच पुढच्या वर्षी राजाने प्रजेचे कर माफ केले. त्याच मोनॅकोच्या नागरिकांना मात्र त्या कॅसिनोत खेळायला मनाई.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नदीकडे बघत बसले. कारण १ फेब्रुवारी २०२० पासून आमच्याकडेही तेच आहे. गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी. नदी आमची, धक्का आमचा, आत नोकरीला आमची मुलं, आणि खेळायला बाहेरचे. मला ही बंदी मनापासून पटते. पण जी गोष्ट आपल्या माणसासाठी आपण घातक मानतो ती पाहुण्यासमोर ताटात वाढायची, हे माझ्या मनाला अजून टोचतं. पाहुण्याच्या घरीही कुणाची तरी काकी असेल.

घराचा हिस्सा म्हणजे काय, हे मी वर्गात असं सांगते. एकच शून्य असलेलं चाक घ्या. १ ते ३६ आणि शून्य मिळून ३७ खाने. प्रत्येक खान्यावर शंभर रुपये ठेवा. लागले ३७०० रुपये. कुठलाही आकडा येवो, पस्तीसपटीचे ३५०० आणि तुमचे ठेवलेले १००, म्हणजे ३६०० परत. शंभर रुपये घरात राहिले. शेकडा २.७०. शून्यं दोन असतील तर ३८०० लागतात, परत तेच ३६०० येतात, आणि हिस्सा होतो ५.२६. फसवाफसवी नाही, चुंबक नाही, टेबलाखाली कळ नाही. बक्षीस ३६ खान्यांच्या हिशोबाने दिलं जातं आणि खाने ३७ आहेत, एवढंच. काकांच्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागायचा आणि रुपयाचे हातात नऊ यायचे. शेकडा दहा. शिवाय तो आकडा कोण कुठे कसा काढतं, हे खेळणाऱ्याच्या डोळ्यांना कधी दिसायचंही नाही.

अर्थशास्त्रात कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. त्याने द्यूत एकाच ठिकाणी चालवावं, दुसरीकडे खेळणाऱ्याला दंड करावा, फासे स्वतः पुरवावेत, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत. फाशांचं भाडं, जागेचं, पाण्याचं वेगळं. दोन शून्यांच्या चाकाचा हिस्सा लावलेल्या रकमेवर आणि कौटिल्याचा जिंकलेल्या रकमेवर, तरी दोन्ही आकडे इतके जवळ कसे आले, याने मी खरोखर थक्क झाले. खेळणारा उठून जाणार नाही आणि घरही चालेल, असा दर शोधताना निरनिराळ्या काळातली माणसं एकाच जागी येऊन थांबत असावीत.

गोव्याचा कायदाही "एकाच ठिकाणी" या वळणाने गेलेला आहे. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलाच्या खेळांना. म्हणून किनाऱ्यावर यंत्रं आणि हाताने फिरवायचं चाक पाण्यात, अशी ही विभागणी. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतून बसलं, तेव्हा पणजीकर सहकुटुंब ते बघायला जात होते. तेवढं जवळून त्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मी आत गेले आहे, एकदाच, २०१४ साली, बंदीच्या आधी. पुण्याहून मावसबहीण आणि तिचे यजमान आले होते. धक्क्यावरून छोट्या बोटीने नेतात. प्रवेशाच्या पैशांत जेवण, दारू आणि काही चिप्स येतात. त्या चिप्स फक्त खेळायला, त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. यजमानांना तीन पत्तीच्या टेबलावर सोडून मी रूलेटपाशी उभी राहिले ती दोन तास हलले नाही.

चाक सुंदर असतं, ते मान्य केलंच पाहिजे. तांबडे-काळे खाने फिरताना एक होतात, गोळी कडेच्या लाकडावरून उलट्या दिशेने घरघरत जाते, वेग उतरला की धातूच्या चौकटी ठोकळ्यांवर आपटून दोन-तीन उड्या मारते, आणि टक्. डीलर काचेचा छोटा खुंट त्या आकड्यावर ठेवतो आणि हरलेल्या चिप्स एका हाताने ओढून घेतो. त्या सरकतानाचा आवाज ओल्या खडीसारखा. प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिप्स, म्हणजे कुणाची कुठली यावर वाद नको. त्या रंगांना टेबलाबाहेर काही किंमत नाही. टेबल सोडताना डीलरने दोन्ही तळवे उलटसुलट करून वर दाखवले. देवळात आरतीवर हात फिरवून झाल्यावर दिसतात तसे ते दिसले. हातात काही नाही, हे कॅमेऱ्याला सांगणं असतं ते, हे मला पुढे या मुलाकडून कळलं.

बाकीही त्यानेच सांगितलं. खेळाडूने नोटा दिल्या की त्या टेबलावर पसरून मोजायच्या, कॅमेऱ्याला दिसल्या पाहिजेत, मग फटीतून खालच्या कुलूपबंद पेटीत. पेटी उघडणारे वेगळे. डीलरवर सुपरवायझर, त्यावर पिट बॉस, सगळ्यांवर कॅमेऱ्याची खोली, आणि त्या खोलीतल्या माणसांशी डीलरची ओळख होऊ द्यायची नाही. चाक पातळीत आहे का, हे नेमाने तपासायचं. त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जॅगर नावाच्या यॉर्कशरच्या गिरणीतल्या माणसाने मोन्टे कार्लोचं एक झिजलेलं चाक हेरलं होतं. कुठलंच चाक अगदी तंतोतंत तोलात फिरत नाही, हे त्याला गिरणीतल्या अनुभवाने माहीत होतं. त्याने आकडे टिपून घेतले, जास्त येणारे शोधले, आणि मोठी रक्कम जिंकली. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी गोळीचा वेग मोजणारा अंगावर लपवायचा संगणक बनवून लास वेगासला नेला. या लोकांनी घरावर मात करायची वाट काढली ती यंत्राचा दोष किंवा यंत्राची गती मोजून. नशीब ओळखून नव्हे.

"आणि हरणाऱ्याला किती हरू द्यायचं, हे ठरलेलं असतं का?" मी विचारलं.

"ठरवायला लागतच नाही, बाई. सरासरी डाव किती, तासाला चाक किती वेळा फिरतं, माणूस किती तास बसला, आणि हिस्सा. चार आकड्यांचा गुणाकार. फुकट खोली, फुकट जेवण त्याच्यातूनच निघतं. आमचं काम चाक फिरत ठेवणं."

हजाराचा डाव, तासाला पस्तीस फेऱ्या, चार तास. एक लाख चाळीस हजारांची उलाढाल, आणि शेकडा २.७० ने ३७८० रुपये. एखाद्या रात्री तो माणूस लाख जिंकूनही जाईल. घराला त्याचं दुःख नाही, कारण घर रात्र मोजत नाही, वर्ष मोजतं. सरकारही आपला वाटा घेतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावायला आणलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० झाला.

त्या रात्री माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. हॉटेलच्या छोट्या पॅडवर बॉलपेनने आलेले आकडे लिहीत होते. चाकाच्या बाजूला खांबावर एक उजळलेली पाटी होती, तिच्यावर मागचे आकडे आपोआप चढत होते, लाल, काळे, मध्येच हिरवं शून्य. तरी ते स्वतः लिहीत होते. मग काळा रंग लागोपाठ येऊ लागला आणि ते लालवर डाव दुप्पट करत गेले. पाचशे, हजार, दोन हजार, चार, आठ, सोळा, बत्तीस. सात वेळा काळा किंवा शून्य. साडेत्रेसष्ट हजार. आठव्या वेळी चौसष्ट हजार लावायचे होते, पण टेबलाची मर्यादा आडवी आली. ते डीलरला अगदी शांतपणे म्हणाले, "आता लालच येणार, हे तुम्हालाही दिसतंय ना?" डीलर नुसता नम्रपणे हसला. सलग सात वेळा हरणं शंभरातून जवळजवळ एकदा घडतं. ज्या खोलीत तासाला पस्तीस वेळा चाक फिरतं तिथे ही रोजची गोष्ट आहे.

१८ ऑगस्ट १९१३ ला मोन्टे कार्लोत काळा लागोपाठ २६ वेळा आला. लोक वेड्यासारखे लालवर पैसे ओतत होते, कारण लाल "बाकी" होता. सत्ताविसाव्या वेळीही लालला ३७ पैकी १८ च खाने होते. चाकाला मागचं काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला. उधारीची, श्राद्धाची, भावकीतल्या देण्याघेण्याची आठवण ठेवूनच आपण जगतो, म्हणून जगही हिशोब चुकता करील असं आपण धरून चालतो. काका मूर्ख नव्हते. माणसांशी वागावं तसं ते आकड्यांशी वागले.

ती पाटी कॅसिनो का लावतो, हे मला त्या रात्री कळलं आणि राग आला, तो अजून आहे. काकांनी कंदिलाच्या उजेडात वर्षानुवर्षं लिहिलेली वही तिथे घर स्वतःच्या खर्चाने, विजेच्या दिव्यांत, आयती पुरवतं. कारण वही वाचणारा माणूस उठत नाही.

कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने मोन्टे कार्लोचे छापून येणारे आकडे तपासून १८९४ मध्ये लेख लिहिला होता. त्याला रंगांची बदलाबदल प्रमाणाबाहेर आढळली. आज त्याचं कारण असं देतात की वार्ताहर टेबलापाशी न बसता आकडे मनानेच लिहून देत असावेत. मनाने लिहिणारा माणूस लाल, काळा, लाल असं फार लवकर बदलतो. हाच खेळ मी आठवीत घेते. अर्ध्या वर्गाने नाणं शंभर वेळा उडवायचं, अर्ध्याने मनाने शंभर छापा-काटा लिहायचे. मी बाहेर जाते, परत येऊन वह्या बघते आणि खरी कुठली ते सांगते. खऱ्यात बहुधा कुठेतरी सलग सहा-सात छापे किंवा काटे असतात. मनाने लिहिणाऱ्याला तेवढा धीर होत नाही.

लहानपणी देवळात ऐकलेलं नळाचं आख्यान इथे नेहमी आठवतं. द्यूतात राज्य घालवून सारथी झालेल्या नळाला ऋतुपर्ण राजा धावत्या रथातूनच बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती, ते न मोजता सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, देतो, आणि कली नळाच्या अंगातून बाहेर पडतो. झाडावरच्या पानांचा अंदाज आणि फाशांचं मर्म ही एकच विद्या आहे, हे आपल्या पूर्वजांना कधीच उमगलं होतं. काकांनीही हे कीर्तन माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं.

चवथीनंतर शाळा उघडली तेव्हा मी ती लाल वही पहिल्यांदा वर्गात नेली. मुलांचे गट केले, पानं वाटून दिली, शून्य ते नऊ प्रत्येक आकडा किती वेळा आला ते रेघा मारून मोजायला सांगितलं. दोन तास गेले. फळ्यावर दहा रकाने भरले. जवळजवळ सारखे, कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. सातही इतरांइतकाच आला होता.

मधली सुट्टी झाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी वही परत द्यायला आली, पण पान बंद करेना. म्हणाली, "बाई, हे कोणी लिहिलंय?"

"माझ्या काकांनी."

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. "किती सुंदर अक्षर आहे."